गाडीचं कपाळ

मी जिंकणार हे मला आधीच माहीत होतं. काही लोक याला गर्व म्हणतात, म्हणोत बापडे. वाडा, कर्जत, पेण, मुरबाड असं हंगामभर मातीत लोळून आलेल्या माणसाला एवढंही माहीत नसेल, तर त्यानं हेल्मेट काढून ठेवावं आणि लग्नात वाढपी व्हावं. हंगामातली शेवटची बाईकची शर्यत आमच्या गावात, अंजूरला होती. खाडीकडच्या ज्या पट्ट्यात मी गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावलं, त्याच जमिनीवर मुरूम टाकून रिंगण तयार केलं होतं. दिघाशीचा देवेश आणि मी, आमच्या दोघांचे गुण सारखे होते आणि बाकीचे कोणी जवळपासही नव्हते. त्यामुळे हिशोब सरळ होता. आमच्या दोघांत जो पुढे येईल, तो या वर्षीचा विजेता.

चषक मला हवाच होता. पण खरं सांगायचं तर त्याहून एक गोष्ट मला जास्त हवी होती. दाजीकाकांच्या भोंग्यावर माझं नाव ऐकायचं होतं.

दाजीकाका म्हणजे आमच्या भागातल्या बैलगाडा शर्यतींचा आवाज. गळ्यात मफलर, एका हातात माईक, दुसऱ्या हातात खोकल्याची गोळी. गाडे सुटले की ते एका दमात मालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांची नावं घेत सुटतात. धुरकऱ्याचं, म्हणजे जो खरोखर गाडा हाकतो त्याचं नाव मात्र कधी घेत नाहीत. रीतच आहे तशी. आमच्या फौजी आणि गुलाब या जोडीचा गाडा वर्षानुवर्षं लडकूकाकांनी हाकला. त्यांचे दात पडले, खांदा निखळला, पण भोंग्यावर यायचं ते 'केसरीनाथशेठ केणे, अंजूर'. केसरीनाथ म्हणजे माझे बाबा. गुलाल बाबांच्या डोक्यावर, बाबा लोकांच्या खांद्यावर, आणि लडकूकाका मागे बैलांना पाणी दाखवत उभे. काकांना कोणी का उचलत नाही, असं मी लहानपणी एकदा आईला विचारलं होतं. आईनं माझ्या हातात बटाटेवडा दिला आणि विषय संपवला.

आता बैल गेले. बाकीची जमीन गोडाऊनखाली गेली, गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या आल्या. मी अंजूर फाट्याकडच्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. दिवसभर कंटेनर, फोर्कलिफ्ट आणि 'मॅडम, गाडी कधी खाली होणार' एवढंच ऐकते. बाईक मी माझ्या पगारातून घेतली. घेताना कोणाला विचारलं नाही, म्हणून आई दोन दिवस बोलली नाही आणि बाबा चार. बाबांचा राग मी बाईक घेतली याचा नव्हता. मी तिला शर्यतीची गाडी म्हणाले याचा होता. ज्याला श्वास नाही त्याची कसली शर्यत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे हंगामातल्या एकाही शर्यतीला ते आले नव्हते. मला वाईट वाटायचं. मी ते कोणाला दाखवत नव्हते एवढंच.

अंजूरच्या शर्यतीला गर्दी जमावी म्हणून आयोजकांनी माईकवर दाजीकाकांना बसवलं. गर्दी जमली, यात वाद नाही. शेलारपासून दिघाशीपर्यंतची माणसं आली, बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या आल्या. सकाळी सरावाला मी बाहेर पडले आणि भोंगा कडाडला, "आली, आली, केसरीनाथशेठ केणे, अंजूर, यांची गाडी आली."

सराव संपल्यावर मी हेल्मेट न काढताच मंचावर गेले. काकांना नीट सांगितलं, की गाडी माझी आहे, चालवते मी आहे, आणि केसरीनाथशेठ या वेळी घरी बसून पेपर वाचतायत.

दाजीकाकांनी गोळी गालात सरकवली. "पोरी, गाडा मालकाच्या नावानं पलतो. आन घरातलं सगलं बापाचंच असतं."

मला भयंकर राग आला. मी खाली उतरले आणि मनात म्हटलं, बोला काय बोलायचं ते. संध्याकाळी विजेत्याचं नाव तर घ्यावंच लागेल ना? तेव्हा बघू कोणाचं घेता.

आमचा पिट, म्हणजे गाडी दुरुस्त करायची जागा, नुसती चार बांबूंवरची ताडपत्री. तिथे रिझवान चेन ताणत बसला होता. रिझवानचं गॅरेज भिवंडीत, भर लूमच्या खडखडाटात आहे. त्यामुळे तो शांत जागीसुद्धा ओरडूनच बोलतो. त्यानं मान वर करून खूण केली आणि मी वळून पाहिलं, तर बाबा येत होते.

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल, मागे आई. बाबांच्या हातात ती पितळेची वाटी होती. शर्यतीच्या दिवशी बैलांना लावायची हळद त्या वाटीत तेलात कालवली जायची. बैल विकले तेव्हा वाटी माळ्यावर गेली होती, ती आईनं शोधून घासली असणार. मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. बोलले असते तर रडले असते, आणि हेल्मेट घालून रडणं फार गैरसोयीचं असतं.

बाबांनी गाडीला एक फेरी मारली. चाकाला हात लावला, सीट दाबून पाहिली. बैलाची जशी पाठ बघतात तशीच बघत होते. मग नारळ फोडला आणि वाटीत हात बुडवला. क्षणभर थांबले, कारण त्यांना प्रश्न पडला होता की या जनावराचं कपाळ कुठलं. समोर हँडलखाली पांढरी नंबरप्लेट होती. दुसरं काय असणार? त्यांनी पाचही बोटं आणि पूर्ण तळवा त्या प्लेटवर उमटवला. मग मागच्या दोन्ही बाजूंना, बैलाच्या पुठ्ठ्यावर लावतात तसा एकेक. तिथेही नंबरच होते.

रिझवानचा चेहरा पडला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. बोटांच्या मधून माझा एक्कावन्न नंबर दिसत होता. पुसता आलं असतं. पण माझ्या शर्यतीला पहिल्यांदाच आलेल्या बापाची हळद मी त्याच्या समोर पुसायची? आमच्याकडे लावलेली हळद कोणी पुसत नाही, ती आपोआप उतरेपर्यंत अंगावर राहू देतात. नेत्राच्या लग्नात, म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या, मी हात धुतले म्हणून याच बाबांनी मला सगळ्या मांडवासमोर झापलं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. सुटायच्या रेघेवर पंचांनी प्लेटकडे डोळे बारीक करून पाहिलं, नंबर वाचला आणि मान हलवली. झालं तर मग.

बारा फेऱ्या होत्या. सुटतानाच मी पुढे गेले. हे मी सांगते तितकंच सोपं होतं, उगीच रंगवून सांगण्यात अर्थ नाही. पहिल्या वळणाला देवेश माझ्या खांद्याशी होता, दुसऱ्याला मागच्या चाकाशी, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत माझी धूळ खात होता. देवेश चांगला चालवतो. शेतावरचा मुलगा, बोलायला मऊ, मला ताई म्हणतो आणि वळणावर कोपर मारतो. पण त्या दिवशी मी अशी चालले होते की मलाच माझा हेवा वाटला असता. भोंग्यावर केसरीनाथशेठ फेरीफेरीला पुढे होते. मी दात आवळून ऐकत होते.

चौथ्या की पाचव्या फेरीला समोर काळा झेंडा हलला.

काळा झेंडा म्हणजे आत या. तो कोणासाठी आहे ते कळावं म्हणून सोबत पाटीवर नंबर लिहितात. पाटी कोरी होती. पंच एका हातानं ती कोरी पाटी धरून दुसऱ्या हातानं थेट माझ्याकडे बोट दाखवत होते. मग त्यांनी आपल्या छातीवर बोटानं चौकोन काढला आणि मला कळलं. तेल आणि हळद, त्यावर मुरमाची धूळ. माझ्या तिन्ही प्लेटांवर आता गूळ थापल्यासारखा थर बसला होता. पाटीवर माझा नंबर नव्हता, कारण तो त्यांना दिसतच नव्हता. फेऱ्या मोजायला टेबलावर माणसं बसलेली, ती नंबर वाचूनच मोजणार. पेणला एकाचं चिखलानं असंच झालं होतं. तो आत गेला नाही आणि त्याच्या पुढच्या सगळ्या फेऱ्या बाद झाल्या.

आत गेले तर देवेश निघून जाणार. नाही गेले तर मी कितीही पुढे असले तरी कुठेच नसणार. विचार करायला एक सरळ रस्ता आणि एक वळण मिळालं. मी आत वळले. गर्दीतून आवाज आला, गाडा रिंगण सोडून पळाला की येतो तसाच. भोंग्यावर दाजीकाका हळहळले, "केसरीनाथशेठची गाडी बाहेर, शेठची गाडी बाहेर."

रिझवान फडकं घेऊन धावत आला. त्याच्या पुढे बाबा होते. त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. पंचांचं बोट त्यांनी पाहिलं होतं, आणि कपाळ दिसलं नाही म्हणजे काय होतं हेही त्यांना कळलं होतं. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी प्लेटवर घासला. थर हलला नाही, नुसता पसरला.

"तेल है, चाचा, ऐसे नहीं जाएगा," रिझवान ओरडला. त्यानं फडक्यावर पेट्रोल ओतलं आणि हात पुढे केला.

बाबांनी फडकं त्याच्या हातातून घेतलं. "हलद मी लावली, मीच पुसनार."

गावदेवीच्या दिशेला त्यांनी एकदा पाहिलं, ओठ हलले, आणि मग ते असे घासायला लागले की हँडल माझ्या हातात थरथरलं. समोरची प्लेट, डावी, उजवी. शेवटचं राहिलेलं त्यांनी शर्टाच्या बाहीनं काढलं, त्या कडक इस्त्रीच्या बाहीनं. एक्कावन्न लख्ख झाला. त्यांचा चेहरा मात्र मला बघवेना. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कोणाच्या अंगावरची हळद पुसली नव्हती, तो आपल्या पोरीच्या गाडीचं कपाळ स्वतःच्या हातानं पुसून उभा होता, आणि आता काही वाईट झालं तर ते आपल्यामुळेच, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. मला त्या क्षणी त्यांच्यावर इतकी माया आली की माझा सकाळपासूनचा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

"जा," ते म्हणाले.

मी गेले. बाहेर आले तेव्हा माझ्या पुढे पाच गाड्या होत्या, त्यांत सगळ्यात पुढे देवेश, अर्ध्या रिंगणावर. आता लोक म्हणतात की तेव्हा तुला भीती वाटली असेल. नाही वाटली. मला घाई झाली होती, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या चौघांना मी एकेक करून मागे टाकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ती मुलं वळणाआधीच ब्रेक दाबतात. पण देवेश तसा नाही. तो आतल्या चाकोरीतून, सगळ्यांनी दाबून घट्ट केलेल्या मातीतून, एकसारखा चालला होता. त्याच्या मागून त्याच चाकोरीत गेले असते तर शर्यत संपेपर्यंत त्याच्या मागेच राहिले असते.

दुपार कलल्यावर खाडीकडून वारा सुटतो. आमच्याकडे रोजच सुटतो, पण बाहेरून आलेल्यांना त्याचं काय. सगळी धूळ उडून लांबच्या वळणावर जमली आणि ते वळण दिसेनासं झालं. तिथे सगळे हळू होत होते, देवेशही. मला दिसायची गरज नव्हती. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, मुरमाखाली, आमच्या शेताचा मोठा बांध आहे. त्यावरून मी डोक्यावर भाताची रोपं घेऊन जायचे, भाकरीचं टोपलं घेऊन जायचे, आणि एकदा भावाला ढकलून दिलं होतं. चाकोरी सुटली की लगेच शेतातली भुसभुशीत माती. त्याच्याही बाहेर, जिथे कोणी जात नव्हतं, तिथे पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवलेला टणक बांध. मी धुळीत शिरले, बाहेर वळले आणि चाकाखाली जमीन कडक लागली तशी मूठ पिळली.

एका फेरीला निम्मं अंतर गेलं. पुढच्या फेरीला मला देवेशच्या बुटांचे तळवे दिसायला लागले. त्यानं मागे वळून पाहिलं. मागे पाहिलं म्हणजे माणूस घाबरलेला असतो. मला ते फार आवडलं.

शेवटच्या फेरीला आम्ही दोघं त्या धुळीत एकत्र शिरलो. तो आतून, मी बाहेरून. काही दिसत नव्हतं, फक्त त्याच्या इंजिनाचा आवाज माझ्या डाव्या हाताला होता. तो आवाज शेजारी आला, मग मागे गेला, आणि मी धुळीतून उजेडात आले तेव्हा समोर रस्ता मोकळा होता. दाजीकाका काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, कारण सगळं गाव ओरडत होतं.

रेघ ओलांडल्यावर मी थांबले, हेल्मेट काढलं आणि तिथेच मुरमावर बसले. देवेश आला. त्यानं हात पुढे केला आणि सांगितलं, की तू आत गेलीस तेव्हा मी घरी फोन कसा करायचा ते ठरवत होतो. वर असंही विचारलं, की त्या धुळीत बाहेर काय आहे. मी म्हटलं, बांध आहे. त्याला आधी हसू आलं आणि मग राग. शेतकऱ्याच्या पोराला बांध दिसला नाही, याचा राग असणार.

आणि मग मी पाहिलं तर गुलाल घेऊन धावलेली पोरं माझ्याकडे येतच नव्हती. ती ताडपत्रीकडे चालली होती. बाबांना त्यांनी केव्हाच खांद्यावर घेतलं होतं. जुनी सवय. पायही आपोआप तिकडेच वळतात. आई मला शोधत होती, लडकूकाका दोरीपाशी उभे राहून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे फेकली. मी ती झेलली. विजेती मी होते, आणि पाणी प्यायला मागे उभी राहिलेलीही मीच.

भोंगा खरखरला. "तर मंडली, या वर्षीचे विजेते, केसरीनाथशेठ..."

पुढे आवाज आला नाही. बाबा पोरांच्या खांद्यावरून अक्षरशः उडी मारून उतरले होते आणि मंचाच्या पायऱ्या चढत होते. गुडघे दुखतात म्हणून जे माणूस देवळाच्या पायऱ्यांना कठडा धरतं, ते दोन दोन पायऱ्या घेत वर गेलं. ते दाजीकाकांच्या कानाशी वाकले. पण माईक चालूच होता, त्यामुळे कानातलं सगळ्या अंजूरनं ऐकलं.

"दाजी, मालक मी न्हाय. मालकीन ती हाय. आन धुरकरीबी तीच."

दाजीकाकांनी गोळी थुंकली, मफलर सारखा केला आणि असा आवाज लावला, की खाडीपलीकडच्यांनीही ऐकलं असेल.

"मालकीन, मृणाली केसरीनाथ केणे, अंजूर. धुरकरी, मृणाली केसरीनाथ केणे, अंजूर."

ते दोनदा म्हणाले. माझं नाव असं ऐकू येईल हे मी कितीदा मनात ऐकून ठेवलं होतं, पण ते इतकं मोठं असेल हे मला माहीत नव्हतं. लडकूकाकांनी टोपी काढून डोळे पुसले. गुलालाची पोरं माझ्याकडे धावत आली.

पण बाबा मंचावरून हलले नव्हते. त्यांनी दाजीकाकांना कोपरानं ढोसलं आणि पुन्हा काही सांगितलं. या वेळी हळू, माईकला कळणार नाही असं. दाजीकाकांनी नकारार्थी मान हलवली. बाबांनी आणखी एकदा ढोसलं. बाबा हट्टाला पेटले की काय होतं ते दाजीकाकांना ठाऊक होतं. त्यांनी हसत माईक तोंडाशी धरला.

"आन गाडी पुसनारा," ते म्हणाले, "केसरीनाथ केणे."

गाव हसलं. बाबा हसले नाहीत. ते एका बाहीला हळद लागलेल्या शर्टात ताठ उभे होते, बैल जिंकल्यावर राहायचे तसेच.